निळी पट्टी

“हात लावू नकोस त्याला,” मागून सरनोबत साहेब म्हणाले.

मी आधीच लावला होता. बारदानाखाली झाकून ठेवलेली नळी. हातभर लांब, दोन्ही टोकांना गॅसनं कापलेली. मधोमध पोट सुटल्यासारखी फुगलेली, आणि त्या फुगवट्यावर एक उभी चीर. मेलेल्या माशाचं तोंड उघडं राहावं तशी. बॉयलरच्या भट्टीत काय चाललंय ते बघायला माझे दाजी, तिथले फायरमन, झरोक्याची झडप उघडून वाकले, त्याच वेळी ही नळी आत फुटली. वाफ आणि जाळ दोन्ही त्या झरोक्यातून बाहेर आले. सोलापूरला सिव्हिलला नेईपर्यंत ते बोलत होते म्हणतात. मला ते ऐकायला मिळालं नाही. मी भोसरीत होतो.

मी साखर कारखान्यात आलो होतो तो त्यांचं सामान न्यायला. डबा, टॉवेल, एक जास्तीचा शर्ट. वॉचमननं सोडलं, कारण मयताच्या मेव्हण्याला अडवायला त्याला लाज वाटली. बॉयलर थंड होता. एरवी या दिवसांत जिथं कानठळ्या बसायच्या तिथं कबुतरं घुमत होती. डबा घ्यायला वाकलो आणि कोपऱ्यात बारदान दिसलं.

“तू कोण?”

“सिद्राम कोळेकरांचा मेव्हणा. बिरा.”

सरनोबत साहेब चीफ इंजिनिअर. उंच, पाठीत वाकलेला माणूस. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. ते म्हणाले, “सामान मिळालं ना? मग जा.”

“साहेब, मी वेल्डर आहे. भोसरीला भट्ट्यांचं काम करतो आम्ही. ही नळी सुपरहीटरची आहे ना? आधीच तयार झालेली वाफ परत जाळात फिरवून तापवतात, तिथली?”

“बरं मग?”

“मग ती अशी फुगायला नको होती. ग्राइंडर द्या. ठिणगी बघतो, तिच्यावरून धातू कळतो.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायऱ्यांच्या कठड्याला टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, “ठिणगी बघायची गरज नाही. साधी नळी आहे ती. तिथं मिश्रधातूची लागते. साधी बसली. मला ज्या दिवशी फुटली त्याच दिवशी कळलं.”

“मग पेपरात कसं आलं की फायरमननं जाळ बेसुमार चढवला? तो नशेत होता म्हणून?”

“पेपरात कारखान्यानं दिलं ते आलं.”

“तुम्ही कारखान्यातच आहात ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आजारी माणूस डॉक्टरकडे बघतो तसं. “मी तपासणीचं मशीन पुण्याहून मागवा म्हणालो होतो. एकेक नळीला लावून बघता आलं असतं. चेअरमन म्हणाले, मंत्र्यांची तारीख मिळालीय, दसऱ्याला बॉयलर पेटलाच पाहिजे. पाण्याची चाचणी घेतली. दीडपट दाबाला सगळ्या नळ्या टिकल्या. ही पण टिकली.”

“गार पाण्यात टिकणारच की ती! गार असताना दोन्ही सारख्याच.”

“मला शिकवू नकोस.” त्यांनी बारदान पायानं परत नळीवर सारलं. “उद्या बॉयलरचे निरीक्षक येणार आहेत. त्यांच्यापुढं तू हे काढलंस तर ते पहिला प्रश्न काय विचारतील? बसवण्याआधी साध्या आणि खास नळ्या यार्डात एकाच घोडीवर, लोखंडी मांडणीवर, होत्या, ओळखायला रंगाची पट्टी होती. ती पट्टी गेली कुठं? जा, घरी जा. दसऱ्याच्या आधी यार्डात काय काम केलं ते बहिणीला विचार. नाहीतर नको विचारूस. तेच बरं. तिला कँटीनला कायम करायचं ठरलंय. ते होऊ दे.”

मला अर्धं कळलं. उरलेलं कळून घ्यायचं नाही असं ठरवून मी डबा उचलला आणि निघालो.

कोळेकर वस्ती कारखान्याच्या मागंच. दाजींची आई गजराबाई दारात बसली होती. म्हातारीनं आल्या आल्या धरलं.

“बिरा, तू शिकलेला हायस. सांग मला. माझा ल्योक दारू पीत हुता?”

“न्हाई, मावशी.”

“नळावर बाया बोलत्यात. झिंगून पडला हुता म्हणं. आगीकडं ध्यान न्हवतं म्हणं. त्याचा बाप प्यायचा, म्हणून त्यानं कदी वास सुदिक घेतला न्हाई. पान खायचा. तेवढंच. पान खाल्ल्यावर माणूस झिंगतंय का?”

“न्हाई.”

“मग तू जा की त्या नळावर आन् सांग की! मी म्हातारी सांगतीया तर हसत्यात.”

असं रोज चाललं होतं. माणूस गेला त्याचं रडू एका बाजूला, आणि हे दुसरं. म्हातारी जेवत नव्हती. घास हातात घ्यायची आणि विचारायची, पीत हुता का रं? आल्यागेल्याला विचारायची. पोस्टमनला विचारलं तिनं.

शेवंताआक्का परसात भांडी घासत होती. माझी थोरली बहीण. कपाळ मोकळं. हात रिकामे. ती भांडी घासत होती तीही कुणी उष्टी केलेली नव्हती. माळ्यावरची काढून घासत होती. तिला हाताला काम पाहिजे होतं.

मी डबा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं उघडला नाही.

“काय बघून आलास?”

“काही न्हाई.”

“तुझं त्वांड सांगतंय. बोल.”

मला वाटलं, एवढं तरी सांगावं की माणसाची चूक नव्हती. तेवढं ऐकून तिला निदान झोप लागेल. मी म्हणालो, “दाजींची काही चूक न्हवती, आक्का. नळी वाईट हुती.”

“वाईट म्हंजी? गंजलेली?”

“न्हाई. चांगली कोरी. पण त्या जागची न्हाई. दुसऱ्या जातीची.”

“लोखंडाला जात असती व्हय?”

“असती. बग, डब्यातली मेणबत्ती उन्हाळ्यात वाकती का न्हाई? वितळत न्हाई, नुसती वाकती. तसं साधं लोखंड लई तापलं की करतंय. वितळायच्या कितीतरी आधी ढिलं पडतंय. आत वाफेचा दाब असतो. मग ती नळी रोज केसाएवढी फुगती. कुणाला दिसत न्हाई. महिना जातो, दोन जातात. एक दिवस फुटती.”

“आन् चांगली नळी?”

“तिच्यात दुसरे धातू घातलेले असतात. क्रोमियम असतंय, अजून एक असतंय. लई न्हाई. थोडंच.”

“मिठावानी?”

“मिठावानीच म्हण. पण तेवढं आत गेलं की लोखंडाचा कण कणाला धरून ठेवतंय, सरकू देत न्हाई. तेवढीच तापव, तरी तिची ताकद जागेवर. वरसानुवरस.”

ती घासायची थांबली. राखेनं भरलेला हात तसाच पातेल्यात. “मग दोन्ही येगळ्या वळखायच्या कशा?”

“डोळ्याला कळत न्हाई. वजनाला कळत न्हाई. म्हणून टोकाला रंगाची पट्टी वढलेली असती.”

“निळी?”

मी रंग सांगितला नव्हता. मलाही तो माहीत नव्हता.

“निळीच,” ती म्हणाली. “चार बोटं रुंद.”

मग तिनं सांगितलं. रडत नाही, थांबत नाही, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. दसऱ्याला बॉयलर पेटवायची पूजा एका जोडप्याच्या हातनं होते. दरवर्षी कुणीतरी संचालक आणि त्याची बायको पाटावर बसतात. त्या वर्षी चेअरमनच्या डोक्यात आलं की कामगाराचं जोडपं बसवायचं. मंत्री येणार, फोटो निघणार. सिद्राम कोळेकर सगळ्यांत जुना फायरमन. त्याचं नाव लागलं. दाजींनी नवं धोतर घेतलं. आक्का यार्डात रोजंदारीवर होतीच. झाडायची, गवत काढायची. पूजेच्या आधी मुकादमानं सगळ्या बायांना कामाला लावलं. यार्ड चकाचक पाहिजे. गंज दिसता कामा नये. तारेच्या ब्रशनं घासा आणि चंदेरी रंग मारा.

“बाकीच्या बाया मधी मधी मारत हुत्या. टोकं तशीच सोडत हुत्या. तिकडं कोण बघतंय, म्हणायच्या. मी म्हणलं, आपल्या हातनं पूजा हाय. आपुण बसणार हाय पाटावर. मी त्या घोडीवरच्या नळ्या आधी घासल्या. मग एक हात मारला. वाळल्यावर दुसरा हात मारला. पार टोकापतूर. एक नळी सोडली न्हाई, बिरा.”

“तुला काय म्हाईत, आक्का. तुला कुणी सांगितलं हुतं का?”

“मी इचारलं हुतं. भानुदास मुकादमाला. म्हणलं, ही निळी पट्टी ऱ्हाऊ दिऊ का, कायतरी खूण दिसतीया. तर म्हणाला, मंत्री काय पट्ट्या मोजाय येतोय व्हय? मार रंग.”

“मग झालं की! त्याची चूक ती.”

“हात माजा हुता.”

तिनं पातेलं विसळलं आणि पालथं घातलं. पाणी निथळत राहिलं. आत म्हातारी खोकत होती.

आक्का हात पुसत म्हणाली, “उद्या तो साहेब येणार हाय न्हवं? चवकशीला? मी येती.”

मी तिला धरून बसवलं. जे जे सुचलं ते बोललो. म्हणालो, माणूस गेला, तो परत येणार नाही. तुला कँटीनला कायम करतायत. तू बोललीस की तेही जाईल. म्हणालो, सगळी वस्ती तुला खाईल. तोंडावर बोलतील, नवऱ्याला मारलं म्हणून. म्हणालो, त्या म्हाताऱ्या सासूचा विचार कर.

“तिचाच करतीया,” आक्का म्हणाली. “ती जेवत न्हाई.”

“अगं पण तुजं काय?”

“माजं काय? मला म्हाईत हाय आता. तू सांगितलंस. आता बोलली तरी म्हाईत, न बोलली तरी म्हाईत. मग त्यांनी का दारुडं म्हणून ऱ्हायाचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन निघालो.

चौकशी कारखान्याच्या गेस्टहाऊसमध्ये होती. खाली गालिचा, टेबलावर काजू. माणूस भाजून मेलाय त्याच्या चौकशीला काजू. निरीक्षक गोऱ्या वर्णाचे, चष्म्याचे, मवाळ बोलणारे. शेजारी चेअरमनचा पीए, सरनोबत साहेब आणि भानुदास मुकादम. गजराबाई हट्टानं आमच्याबरोबर आली होती. ती दारापाशी जमिनीवर बसली. कुणी खुर्ची दिली नाही. मी द्यायला गेलो तर तीच नको म्हणाली.

निरीक्षकांनी विचारलं, “बाई, त्या दिवशी मयतानं काही घेतलं होतं का? घरून निघताना?”

“भाकरी घेतली हुती,” आक्का म्हणाली.

पीए हसला. निरीक्षक हसले नाहीत.

“साहेब, त्यांनी आग चढवली न्हाई. नळी दुसरी हुती. साधी. तिथं निळ्या पट्टीची लागत हुती. पट्टी मी रंगानं झाकली. म्हणून कुणाला वळखू आली न्हाई.”

भानुदास उठून म्हणाला, “पट्टी बिट्टी काही नव्हती, साहेब. बाई दुःखात आहे, काहीही बोलतेय.”

“भानुदासभाऊ,” आक्का म्हणाली, “तुमी सोताच्या मुलीची शपथ घिऊन म्हना पट्टी न्हवती. मी उठून जाती.”

तो बसला.

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय का? हे मी लिहून घेतलं तर ते तुमच्याविरुद्ध जाईल.”

“लिवा.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला रंगवायला?”

“मुकादमानं. त्याला वरनं. वरचं मला ठावं न्हाई. मी पट्टीचं इचारलं हुतं. मार म्हणाला, मी मारला.”

निरीक्षक सरनोबतांकडे वळले. “नळ्या बसवण्यापूर्वी धातूची तपासणी झाली होती?”

सरनोबत साहेबांनी आमच्या कुणाकडे बघितलं नाही. “पाण्याची चाचणी झाली, साहेब. तुमच्यासमोरच. सही तुमचीच आहे.”

तेवढंच बोलले ते. त्यानंतर निरीक्षकांचा आवाज आणखी मवाळ झाला. त्यांनी नळीचा तुकडा मागवला, त्याला कापडात बांधून सील केलं, प्रयोगशाळेला पाठवतो म्हणाले. मला त्या क्षणी कळलं की दाजींचं नाव आता सुटणार. आणि हेही कळलं की या खोलीतल्या प्रत्येकाला आता एक माणूस पाहिजे, आणि ते माणूस हातात लाल पिशवी धरून मधोमध उभं आहे.

मी उठून उभा राहिलो. “तपासणीचं मशीन चेअरमननं येऊ दिलं नाही,” मी म्हणालो. “सरनोबत साहेबांनी काल मला स्वतः सांगितलं. विचारा त्यांना.”

“मी असं काही बोललो नाही,” सरनोबत साहेब म्हणाले. टेबलाकडे बघत.

मी शिव्या दिल्या. मला तीन-चार जणांनी धरून बाहेर काढलं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की मी बाहेर गेलो आणि ती आत एकटी उभी राहिली.

अहवाल यायला संक्रांत उलटली. साध्या पोलादाची नळी मिश्रधातूच्या जागी बसवली गेल्यामुळे उच्च तापमानात ती कालांतराने निकामी झाली. बॉयलर अटेंडंट सिद्राम कोळेकर यांचा कोणताही दोष आढळत नाही. इथपर्यंत मी वाचलं. पुढचं वाक्य वाचलं नसतं तर बरं झालं असतं. एका अकुशल महिला मजुराने अनवधानाने ओळखखुणा नष्ट केल्यामुळे सदर प्रकार घडला. सूचना, अशा कामांवर यापुढे अकुशल महिला मजूर नेमू नयेत.

संपलं. चेअरमन नाही. मुकादम नाही. सही करणारा नाही. मंत्र्याची तारीख नाही. हजारो टन ऊस चिरडणारा कारखाना आणि त्यात चूक करायला एकच बाई सापडली. रोजंदारीवरची. कँटीनचं तर कुणी परत काढलंच नाही. यार्डातल्या सगळ्या बायांनाही घरी बसवलं, आणि त्या बायांनी शिव्या कुणाला घातल्या ते सांगायला नको.

मी अहवाल दारात बसून वाचला होता. म्हातारीसाठी मोठ्यानं. मी थांबलो तशी ती म्हणाली, “परत वाच. माज्या ल्योकाचं तेवढं वाच.”

मी वाचलं. कोणताही दोष आढळत नाही.

“आजून एकदा.”

वाचलं. तिनं डोळे पुसले. पदर नीट केला. मग उठून, काठी टेकत, थेट नळावर गेली. मी मागं होतो. पाण्याला आलेल्या बायांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, “सरकारनं लिवलंय. माजा ल्योक पीत न्हवता. त्याची चूक न्हवती.”

एक बाई म्हणाली, “मग कुणाची हुती, आजी?” त्या बाईला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. तिला म्हातारीच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हातारी तिथंच थांबली. तोंड उघडलं, मिटलं. आणि न बोलता परत फिरली.

घरी आली तेव्हा आक्का चुलीपुढं भाकऱ्या करत होती. म्हातारी उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, “तू गप ऱ्हायली असतीस, तर माजा ल्योक दारुडा ऱ्हायला असता. बोललीस, तर चूक तुज्या नावावर ऱ्हायली. आता मी कुणाला धरू गं? सांग मला. कुणाच्या नावानं बोटं मोडू?”

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. वर न बघता म्हणाली, “मला धरा, आत्याबाई. मी जिती हाय. मला सोसंल. मेलेल्या माणसाला सोसत न्हाई.”

“सोसंल तुला?”

“सोसंल.”

म्हातारी रडली नाही. तिला राग आला असता तर मी मध्ये पडलो असतो, रागाला उत्तर देता येतं. तिनं फक्त मान हलवली, सौदा पटल्यासारखी. “मग मला तुज्या हातचं नको. तुज्यावर माजा राग न्हाई. पर घशाखाली उतरणार न्हाई.”

“बरं,” आक्का म्हणाली.

“बरं म्हंजी?” मी ओरडलो. “आक्का, काय बरं? मावशी, हिच्यामुळं तुमच्या मुलाचं नाव...”

“बिरा, तू गप,” दोघी एकदमच म्हणाल्या.

म्हातारीनं परसातून विटा आणल्या. एकेक करून. मला हात लावू दिला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला धरून, तीन विटांची चूल मांडली. काटक्या मोडून घातल्या. पातेलं ठेवलं. आणि मग तशीच बसून राहिली, कारण तिच्याकडं काडेपेटी नव्हती आणि ती मागणार नव्हती.

आक्कानं आपल्या चुलीतून लाल इंगळ चिमट्यानं काढले, कौलाच्या तुकड्यावर घेतले आणि अंगणात नेऊन तिच्या पुढ्यात ठेवले.

म्हातारीनं ते चुलीत सारले. फुंकर घातली. वर बघितलं नाही.